आक्टुस ट्रागिकुस (बाख यांची कँटाटा)

'गोटेस त्साइट इस्ट दी आलरबेस्टे त्साइट' ही जर्मन संगीतकार योहान सेबास्टियान बाख (१६८५–१७५०) यांनी रचलेली एक धार्मिक कँटाटा आहे. देवाने नेमलेली वेळ हीच सर्वांत उत्तम वेळ होय, असा या जर्मन शीर्षकाचा आशय आहे. 'आक्टुस ट्रागिकुस' या लॅटिन नावानेही ती ओळखली जाते. त्याचा अर्थ 'शोकप्रसंगाची कृती' असा करता येईल. बाख यांच्या रचनांच्या सूचीत तिचा क्रमांक बी.डब्ल्यू.व्ही. १०६ असा आहे. इ.स. १७०७–०८ च्या सुमारास, म्यूलहाउझेन या नगरात ऑर्गनवादक असताना, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बाख यांनी ती रचली असे सामान्यतः मानले जाते. ही रचना अंत्यविधीसाठी असून चार आवाज, दोन रेकॉर्डर, दोन व्हिओला दा गांबा आणि साथीची खर्जातील वाद्ये एवढ्या अल्प सामग्रीवर ती उभी आहे. सादरीकरणास सुमारे वीस मिनिटे लागतात. बाख यांच्या आरंभीच्या रचनांमध्ये ही सर्वांत परिपक्व रचना गणली जाते.

कँटाटा हा रचनाप्रकार

'कँटाटा' हा शब्द 'गाणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आला आहे. जे वाजवायचे ते सोनाटा आणि जे गायचे ते कँटाटा, असा मूळ भेद होता. सतराव्या शतकात इटलीत हा प्रकार मुख्यतः एका गायकासाठी आणि लौकिक विषयांवर रचला जाई. जर्मनीतील लूथरपंथीय चर्चमध्ये त्याला वेगळे वळण लागले. रविवारच्या किंवा सणाच्या उपासनेत बायबलमधील नेमलेल्या पाठाचे विवरण प्रवचनाने होत असे. तेच विवरण संगीताने करणारी रचना म्हणून कँटाटेला स्थान मिळाले. विवाह, नगरपरिषदेची निवड, अंत्यविधी अशा प्रसंगांसाठीही कँटाटा लिहिल्या जात.

अठराव्या शतकाच्या आरंभी एर्डमान नॉयमाइस्टर या धर्मोपदेशक कवीने कँटाटेसाठी नवा साचा रूढ केला. त्यात ऑपेराच्या धर्तीवर रेसिटेटिव्ह (बोलण्याच्या लयीतील गायन) आणि आरिया (विस्तृत एकलगीत) यांची आलटून पालटून योजना असे, आणि शब्द बहुतांशी कवीने नव्याने रचलेले असत. बाख यांच्या लाइपत्सिग येथील प्रसिद्ध कँटाटा प्रायः या साच्यातील आहेत. 'आक्टुस ट्रागिकुस' मात्र त्याहून जुन्या परंपरेतील आहे. तिच्यात रेसिटेटिव्ह नाही आणि नवी कविताही जवळजवळ नाही. बायबलमधील वचने आणि चर्चमधील जुनी स्तोत्रगीते एकमेकांशेजारी मांडून ती तयार झाली आहे. लहान लहान खंड न थांबता एकातून दुसऱ्यात मिसळत जातात. हे वळण बाख यांना आधीच्या पिढीतील संगीतकारांकडून, विशेषतः ल्यूबेक येथील डीटरिख बुक्सटेहूड यांच्याकडून मिळाले. १७०५ च्या अखेरीस आर्नश्टाटहून ल्यूबेकपर्यंत सुमारे चारशे किलोमीटरचा प्रवास करून बाख यांनी बुक्सटेहूड यांचे संगीत प्रत्यक्ष ऐकले होते.

पार्श्वभूमी

बाख यांचा जन्म २१ मार्च १६८५ रोजी आयझेनाख येथे झाला. वयाच्या नवव्या वर्षी आई आणि त्यानंतर काही महिन्यांतच वडील वारल्याने त्यांचे पुढील पालनपोषण ओरड्रुफ येथे थोरल्या भावाकडे झाले. १७०३ पासून ते आर्नश्टाट येथे ऑर्गनवादक होते. १७०७ च्या उन्हाळ्यात म्यूलहाउझेन येथील संत ब्लासियस चर्चमध्ये त्यांची नेमणूक झाली. म्यूलहाउझेन हे थुरिंगिया प्रदेशातील, थेट सम्राटाच्या अखत्यारीत असलेले स्वायत्त नगर होते. बाख तेथे येण्याच्या थोडेच आधी, मे १७०७ मध्ये, मोठ्या आगीत नगराचा बराच भाग जळाला होता. त्याच वर्षी १७ ऑक्टोबर रोजी बाख यांचा विवाह मारिया बार्बारा यांच्याशी झाला.

म्यूलहाउझेन येथील वास्तव्य वर्षभराचेच ठरले. जून १७०८ मध्ये बाख यांनी राजीनामा दिला आणि ते वायमार येथे दरबारी सेवेत गेले. राजीनाम्याच्या पत्रात त्यांनी आपले ध्येय देवाच्या गौरवार्थ सुव्यवस्थित चर्चसंगीत उभे करणे हे असल्याचे नमूद केले आहे. या एका वर्षात त्यांनी रचलेल्या थोड्या कँटाटा उपलब्ध आहेत. त्यांपैकी 'गोट इस्ट माइन क्योनिग' (बी.डब्ल्यू.व्ही. ७१) ही ४ फेब्रुवारी १७०८ रोजी नव्या नगरपरिषदेच्या स्वागतासाठी सादर झाली आणि लगेच छापलीही गेली. तिच्यात तुताऱ्या आणि नगारे आहेत. तिच्याशी तुलना केली असता 'आक्टुस ट्रागिकुस'मधील वाद्यांची काटकसर विशेष जाणवते.

रचनेचा प्रसंग

ही कँटाटा कोणाच्या अंत्यविधीसाठी लिहिली गेली याविषयी अभ्यासकांनी वेगवेगळी मते मांडली आहेत. बाख यांचे मामा टोबियास लेमरहिर्ट हे ऑगस्ट १७०७ मध्ये एरफुर्ट येथे निवर्तले. त्यांनी भाच्यासाठी पन्नास गुल्डेन ठेवले होते. बाख यांचे वार्षिक वेतन पंच्याऐंशी गुल्डेन होते, हे लक्षात घेता ही रक्कम लहान नव्हती. त्यामुळे ही रचना मामांसाठी असावी असा तर्क बराच काळ प्रचलित आहे. दुसऱ्या मतानुसार ती म्यूलहाउझेनचे माजी महापौर आडोल्फ श्ट्रेकर यांच्यासाठी होती. त्यांचे निधन सप्टेंबर १७०८ मध्ये झाले. या तर्कांचा आधार बहुतांशी तारखांचा मेळ आणि रचनेची शैली हाच आहे, कारण बाख यांच्या हातचे मूळ हस्तलिखित शिल्लक नाही. शब्दांमध्येही मृत व्यक्तीचे नाव, पद किंवा गुणवर्णन कोठेही येत नाही. त्यामुळे ही रचना एका व्यक्तीपुरती न राहता कोणाच्याही मृत्यूला लागू पडते.

शब्दसंहिता

कँटाटेचे शब्द निरनिराळ्या ठिकाणांहून निवडलेले आहेत. सतराव्या शतकातील धर्मशास्त्री योहान ओलेआरियस यांच्या प्रार्थनासंग्रहात यांतील अनेक वचने मरणाच्या तयारीसंबंधी एकत्र दिलेली आढळतात. निवडीसाठी त्याचा आधार घेतला गेला असावा. लूथरपंथीय समाजात 'चांगले मरण' ही आयुष्यभर करावयाची तयारी मानली जाई आणि त्यासाठी अशी पुस्तके घरोघरी वाचली जात.

संहितेत पुढील घटक क्रमाने येतात :

१. आरंभीचे वाक्य, ज्यावरून कँटाटेला नाव मिळाले. हे बायबलमधील वचन नाही.

२. 'प्रेषितांची कृत्ये' १७:२८. अथेन्समधील भाषणात पौलाने काढलेला उद्गार : मनुष्याचे जगणे, हालचाल आणि अस्तित्व देवाच्या ठायी आहे. त्याला जोडून, देवाच्या इच्छेनुसार मरणही योग्य वेळी येते असे पुढचे वाक्य आहे.

३. स्तोत्रसंहिता ९०:१२. आपल्या दिवसांची गणना करण्यास शिकव, म्हणजे शहाणपण येईल, अशी प्रार्थना. हे स्तोत्र परंपरेने मोशेच्या नावावर आहे.

४. यशया ३८:१. आजारी पडलेल्या हिज्कीया राजाला संदेष्ट्याने दिलेली सूचना : घराची निरवानिरव कर, तू वाचणार नाहीस.

५. सिराक १४:१७. प्रत्येकाला मरण आहे, हा पूर्वापार चालत आलेला करार. सिराकचा ग्रंथ लूथर यांनी भाषांतरित केला, परंतु मुख्य बायबलपासून वेगळा ठेवला.

६. प्रकटीकरण २२:२०. बायबलच्या अगदी अखेरीस येणारी, प्रभू येशूने यावे ही विनवणी.

७. स्तोत्रसंहिता ३१:५. आपला आत्मा देवाच्या हाती सोपवण्याचे वचन. लूथरच्या बायबलमध्ये ओव्यांची मोजणी वेगळी असल्याने तेथे हे वचन ३१:६ असे दाखवतात. लूककृत शुभवर्तमानानुसार क्रुसावरील येशूचे अखेरचे शब्दही हेच आहेत.

८. लूक २३:४३. शेजारच्या क्रुसावरील गुन्हेगाराला येशूने दिलेले, त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचे आश्वासन.

९. 'मिट फ्रीड उंट फ्रॉइड' हे मार्टिन लूथर यांचे १५२४ मधील स्तोत्रगीत. वृद्ध शिमोनाने बाळ येशूला पाहिल्यावर काढलेल्या समाधानाच्या उद्गारांचा तो पद्यविस्तार आहे.

१०. आडाम रॉइसनर यांच्या १५३३ मधील स्तोत्रगीताचे सातवे कडवे. ते स्तुतिपर आहे.

या क्रमामागे स्पष्ट विचार दिसतो. पहिल्या अर्ध्या भागात मरण हा अटळ नियम म्हणून येतो, आणि त्यासाठीची वचने मोशे, यशया आणि सिराक यांची आहेत. दुसऱ्या अर्ध्या भागात तेच मरण ख्रिस्ताच्या सोबतीने स्वीकारण्याजोगे होते. लूथरपंथीय धर्मविचारात 'नियमशास्त्र' आणि 'सुवार्ता' असा जो भेद केला जातो, त्याचेच हे संगीतरूप आहे. सिराकच्या वचनातील जर्मन शब्दाचा अर्थ 'जुना करार' असा आहे. मराठीत बायबलच्या दोन भागांनाही जुना करार आणि नवा करार असेच म्हणतात. त्यामुळे मूळ शब्दयोजनेतील सूचकता मराठी वाचकाच्या सहज लक्षात येते.

गायक व वाद्ये

गायनासाठी सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास असे चार आवाज लागतात. हेच आवाज समूहगानात एकत्र येतात आणि काही खंडांत एकेकटे गातात.

रेकॉर्डर हे पाव्याच्या जातीचे, शिटीसारखे मुख असलेले, उभे धरून फुंकावयाचे लाकडी सुषिरवाद्य आहे. त्याचा आवाज मऊ असतो व तो फारसा मोठा किंवा लहान करता येत नाही. बरोक काळात निद्रा, शोक आणि परलोक यांच्याशी संबंधित प्रसंगांत हे वाद्य पुष्कळदा योजले जाई. व्हिओला दा गांबा हे दोन्ही पायांच्या मध्ये धरून गजाने वाजवावयाचे तंतुवाद्य आहे. त्याला सहा किंवा सात तारा असतात आणि सतारीप्रमाणे दांडीवर पडदे असतात. व्हायोलिनच्या तुलनेत त्याचा ध्वनी सौम्य व किंचित घोगरा असतो. अंत्यविधीच्या संगीतात गांबांचा वापर जर्मनीत रूढ होता. या दोन जोड्यांना कंटिन्युओची, म्हणजे ऑर्गन आणि खर्जातील एखाद्या तंतुवाद्याची, अखंड साथ असते. तानपुऱ्याप्रमाणे ती एकाच स्वरावर स्थिर नसते. ती रचनेबरोबर चालत राहून तिचा पाया सांभाळते. व्हायोलिन या रचनेत मुळीच नाही.

त्या काळी जर्मनीत सर्व वाद्यांचे स्वरमान एक नव्हते. चर्चमधील ऑर्गन प्रायः उंच स्वरात, तर सुषिरवाद्ये त्याहून खालच्या स्वरात लावलेली असत. यामुळे या कँटाटेत गायक, गांबा व कंटिन्युओ ई फ्लॅट मेजरमध्ये आणि रेकॉर्डर एफ मेजरमध्ये लिहिलेले आढळतात; प्रत्यक्षात दोन्ही एकाच उंचीवर ऐकू यावेत अशी ती योजना होती. आजच्या सादरीकरणात कोणता स्वर धरावा हा निर्णय संचालकाला घ्यावा लागतो.

संगीतरचना

सोनाटिना. कँटाटेचा आरंभ वीस मात्राखंडांच्या वाद्यसंगीताने होतो. गती अतिविलंबित आहे. गांबा आणि कंटिन्युओ एकाच स्वराची हळुवार पुनरावृत्ती करीत राहतात. त्यावर दोन रेकॉर्डर बव्हंशी एकच चाल वाजवतात, पण मधूनच एक थांबतो व दुसरा पुढे जातो, किंवा दोघे क्षणभर वेगळे होऊन पुन्हा एकत्र येतात. त्यामुळे एकाच सुराला त्याचा पडसाद मिळत असल्याचा भास होतो.

पहिला समूहखंड. शीर्षकवाक्य चारही आवाज संथपणे, एकत्र गातात. देवाच्या ठायी जगण्याचा उल्लेख येताच गती वाढते आणि आवाज एकामागून एक फ्यूगच्या पद्धतीने प्रवेश करतात. फ्यूगमध्ये एकच स्वरवाक्य निरनिराळे आवाज ठरावीक अंतराने उचलतात व ते एकमेकांत गुंफले जाते. 'जगतो' या अर्थाच्या शब्दांशी चपळ स्वरावली आहेत. 'मरतो' हा शब्द येताच संगीत एकदम विलंबित होते आणि स्वरसंवाद झाकोळतो. जगणे व मरणे यांतील फरक असा थेट गतीतून दाखवला आहे.

टेनर व बास. दिवसांची गणना करण्याची प्रार्थना टेनर एकटा गातो. त्याच्याभोवती वाद्यांतून सुस्काऱ्यासारखी एक छोटी स्वराकृती सतत फिरत राहते. त्यानंतर बास हिज्कीयाला दिलेली सूचना गातो. येथील गती जलद असून दोन्ही रेकॉर्डर एकत्र वाजतात. यात सांत्वन नाही. एखाद्या अधिकाऱ्याने हुकूम वाचून दाखवावा तशी ही वाणी आहे.

मध्यवर्ती खंड. सिराकच्या वचनावरील हा खंड संपूर्ण रचनेचा केंद्रबिंदू आहे. आल्टो, टेनर आणि बास हे तीन खालचे आवाज 'जुन्या करारा'चे शब्द फ्यूगच्या रूपात गातात. मनुष्याला मरावेच लागेल, या शब्दांवर चाल कठोर अंतराने खाली कोसळते. काही वेळाने सोप्रानो प्रवेश करते. तिचे शब्द वेगळे आहेत : ती येशूला बोलावते. तिसऱ्या पातळीवर रेकॉर्डर शब्दांविना एका स्तोत्रगीताची चाल वाजवतात. हे योहानेस लिओन यांचे 'इख हाब माइन झाख गोट हाइमगेश्टेल्ट' हे गीत असून आपला सर्व भार देवावर सोपवल्याचा त्याचा भाव आहे. तत्कालीन श्रोत्यांना ही चाल पाठ असल्याने शब्द न गाताही ते त्यांना आठवत असत. अशा रीतीने नियम, विनवणी आणि समर्पण ही तीन विधाने एकाच वेळी ऐकू येतात.

शेवटी खालचे तिन्ही आवाज गळून पडतात, वाद्ये थांबतात, कंटिन्युओही थांबतो. सोप्रानो एकटीच येशूचे नाव घेत, नाजूक स्वरावलीने शांत होते. तिच्या खाली आधाराला एकही स्वर राहत नाही. त्यानंतर बाख यांनी विराम लिहिला आहे. शेवट रूढ पद्धतीने मूळ स्वरावर न होता अधांतरी राहतो, आणि ती शांतता हा रचनेचाच भाग आहे.

आल्टो व बास. पुढील खंडात आल्टो आत्मसमर्पणाचे वचन गातो. कंटिन्युओमध्ये एक चढती स्वराकृती पुनःपुन्हा येते. याला उत्तर म्हणून बास सुखलोकाचे आश्वासन गातो. पूर्वार्धात मरणाचा हुकूम देणारा हाच आवाज होता. आता तो ख्रिस्ताच्या भूमिकेत आहे. बरोक चर्चसंगीतात ख्रिस्ताची वाणी बास आवाजाला देण्याचा प्रघात होता. आश्वासन चालू असतानाच आल्टो लूथर यांचे स्तोत्रगीत दीर्घ स्वरांत सुरू करतो आणि दोन्ही गांबा त्याभोवती विणकाम करतात. बास थांबल्यावरही स्तोत्रगीत चालूच राहते. मरण ही निद्रा झाली आहे, या आशयाच्या शेवटच्या ओळीकडे जाताना गायन अगदी हळू होते.

अंतिम समूहखंड. रॉइसनर यांचे कडवे चारही आवाज सरळपणे गातात. ओळींच्या मधल्या जागा रेकॉर्डर पडसादाने भरतात. अखेरची ओळ मात्र दुहेरी फ्यूगमध्ये विस्तारते. त्यात 'आमेन' हा शब्द स्वतंत्र स्वरवाक्य म्हणून गुंफला आहे. जोरदार समारोप अपेक्षित असतानाच शेवटचे स्वर रेकॉर्डर मंदपणे पुन्हा उच्चारतात आणि रचना संपते.

रचनेची घडण

सर्व खंड एकत्र पाहिले तर मध्यवर्ती खंडाभोवती समतोल साधलेला दिसतो. दोन्ही टोकांना समूहगान आहे. त्यांच्या आत एकलगायनाच्या दोन जोड्या आहेत : एका बाजूला टेनर व बास, दुसऱ्या बाजूला आल्टो व बास. मधोमध सर्व पातळ्या एकत्र येतात.

स्वरांची योजनाही याच घडणीला धरून आहे. रचना ई फ्लॅट मेजरमध्ये सुरू होते. पुढे ती सी मायनर, मध्यवर्ती खंडात एफ मायनर आणि आल्टोच्या समर्पणगीताच्या वेळी बी फ्लॅट मायनर अशी अधिकाधिक कोमल स्वरांच्या दिशेने उतरत जाते. बी फ्लॅट मायनर हा सर्वांत खोल टप्पा होय. सुखलोकाच्या आश्वासनाबरोबर ए फ्लॅट मेजर येतो आणि अंतिम खंडात मूळ ई फ्लॅट मेजर परत मिळतो. त्यामुळे उतरण आणि चढण यांचा अनुभव शास्त्र न जाणणाऱ्या श्रोत्यालाही येतो. विशेष म्हणजे सर्वांत खोल टप्पा मरणाच्या हुकमाशी जुळत नाही. तो आत्मा देवाच्या हाती सोपवण्याच्या क्षणी येतो. भीती संपून विश्वास सुरू होतो ती जागाच रचनेचा तळ आहे.

हस्तलिखित, प्रकाशन व स्वागत

आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७६८ मधील, म्हणजे बाख यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी केलेली आहे. 'आक्टुस ट्रागिकुस' हे नाव त्या प्रतीवर आढळते. त्यामुळे ते स्वतः बाख यांनी दिले असेलच असे म्हणता येत नाही.

बाख यांच्या निधनानंतर त्यांच्या कँटाटा दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या. ११ मार्च १८२९ रोजी फेलिक्स मेंडेल्सझोन यांनी बर्लिन येथे 'सेंट मॅथ्यू पॅशन' सादर केल्यावर बाख यांच्या गायनरचनांविषयी नव्याने उत्सुकता निर्माण झाली. त्या सादरीकरणाचा नियतकालिकातून हिरिरीने पुरस्कार करणारे समीक्षक आडोल्फ बर्नहार्ड मार्क्स यांनी १८३० मध्ये बॉन येथील झिमरॉक प्रकाशनातर्फे बाख यांच्या काही कँटाटा प्रसिद्ध केल्या. त्यांत 'आक्टुस ट्रागिकुस'चा समावेश होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात ती बाख यांच्या सर्वाधिक परिचित कँटाटांपैकी एक झाली. १८७६ मध्ये ती बाख-गेझेलशाफ्ट या संस्थेच्या समग्र आवृत्तीत समाविष्ट झाली.

प्रशंसेबरोबर टीकाही झाली. लाइपत्सिग येथील संगीतज्ञ मोरित्स हाउप्टमान यांना तिच्या रचनेत शिस्तबद्ध घडण दिसली नाही. एकमेकांत घुसणाऱ्या तुकड्यांची रास त्यांना खटकली. विसाव्या शतकात तेच वैशिष्ट्य वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले. कँटाटांचे प्रमुख अभ्यासक आल्फ्रेड ड्यूर यांनी या तरुणपणीच्या कृतीला अत्यंत उच्च स्थान दिले आहे.

सादरीकरणातील प्रश्न

समूहगान किती जणांनी गावे, हा या कँटाटेच्या संदर्भातील महत्त्वाचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती मोठ्या गायकवृंदाने गाण्याची प्रथा होती. १९८१ मध्ये अमेरिकन संगीतज्ञ जोशुआ रिफकिन यांनी, बाख यांच्या समूहरचना बहुतांशी प्रत्येक आवाजाला एकच गायक याप्रमाणे गाइल्या जात, असा सिद्धान्त मांडला. अँड्र्यू पॅरट यांनी त्याचे समर्थन केले, तर टॉन कोपमान यांसारख्या संचालकांनी विरोध केला. दोन रेकॉर्डर आणि दोन गांबा यांच्या क्षीण ध्वनीशी मोठा वृंद जुळत नाही, ही गोष्ट या रचनेपुरती रिफकिन यांच्या बाजूने जाते. मध्यवर्ती खंडात प्रश्न अधिक नाजूक होतो. खालचे तीन आवाज वृंदाने आणि सोप्रानो एकटीने गायल्यास मानवजात आणि एक जीव असा विरोध उभा राहतो. चौघांनीच गायल्यास तो विरोध सौम्य होतो, पण शब्द स्पष्ट ऐकू येतात.

कार्ल रिश्टर यांचे ध्वनिमुद्रण मोठ्या वृंदाच्या परंपरेतील आहे. जुनी वाद्ये वापरून गुस्टाव्ह लिओनहार्ट, जॉन इलियट गार्डिनर, मासाआकी सुझुकी आणि स्वतः रिफकिन यांनीही ही कँटाटा ध्वनिमुद्रित केली आहे.

प्रभाव

हंगेरियन संगीतकार ग्यॉर्ग कुर्टाग यांनी सोनाटिनेचे एकाच पियानोवर चार हातांनी वाजवण्याजोगे रूपांतर केले. पत्नी मार्टा यांच्यासह ते अनेक मैफलींत हे रूपांतर वाजवीत असत. या रूपांतरामुळे बरोक चर्चसंगीताशी परिचय नसलेल्या श्रोत्यांपर्यंतही ही चाल पोहोचली.

मूळ कँटाटा आज मुख्यतः सभागृहांत ऐकली जाते. जर्मनीत नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या रविवारच्या सुमारास चर्चमधूनही तिचे सादरीकरण होते. अशा वेळी ती ज्या उपयोगासाठी लिहिली गेली त्याच्या जवळ येते : आप्त गमावलेल्या माणसांना प्रथम मरणाची अटळता स्पष्टपणे सांगणे, आणि त्यानंतर धीर देणे.